दोन वाजून वीस मिनिटांची टाळी

गुरुवार, दिनांक १४ मार्च, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे. ही वेळ मी मुद्दाम पहिल्या ओळीत लिहिते आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवत की तक्रार करायची तर आधी वेळ सांगावी, मग गुन्हा, आणि रडायचं असेल तर घरी जाऊन. तर त्या वेळी तू तुझ्या मामाच्या उशांच्या कारखान्यात उभं राहून टाळी वाजवलीस आणि मी जागी झाले. एवढाच गुन्हा. तुला तो किरकोळ वाटेल. खाली वाच.

चि. काबरू, मावशीचे आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत, राग तेवढा ताजा आहे. तुझी प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. दुसऱ्यांची झोप उडवणाऱ्यांना सहसा काही होत नाही. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, जिने उतरताना कठड्याला धरावं आणि फोन ठेवावा. माझ्या बहिणीला एका वेळी एकच गोष्ट धरता येते आणि ती नेहमी फोनच धरते. माझं म्हणशील तर दात आहेत, डोळे आहेत, जीभ तर तुला माहीतच आहे. झोप मात्र नाही. तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

तुला आम्ही काबरू का म्हणायला लागलो ते आठवतं? तू तीन वर्षांचा होतास आणि प्रत्येक गोष्टीला ‘का बरं?’ विचारायचास. झाकण का बरं? दार का बरं? मावशी का बरं? (याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही.) तेव्हा आम्ही म्हणायचो, मोठा झाला की थांबेल. तू थांबला तर नाहीसच, उलट त्याचा धंदा केलास. तुझ्या आईने जेव्हा अभिमानाने सांगितलं की तू कोच झालास, तेव्हा मला वाटलं पोहायला शिकवतोस. मी म्हणाले, छान, निदान अंग तरी ओलं होईल. मग कळलं की तू लोकांच्या ऑफिसात जातोस, त्यांना काही शिकवत नाहीस, काही सांगत नाहीस, नुसते प्रश्न विचारतोस, आणि त्याने त्यांचं काम सुधारतं. मी पस्तीस वर्षं स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी लिहायचे. एवढ्या काळात एकाही साहेबाने मला प्रश्न विचारला नाही. फार तर ‘कुठपर्यंत आलो होतो?’ एवढंच. तरी माझं काम कुणाला सुधारावं लागलं नाही.

असो. मामाने तुला बोलावलं हे त्याचं चुकलं की तुझं, यात मी शिरत नाही. तुझ्या मामीचं मत असं की भाच्याचं नवीन काम आहे, घरातल्यांनी आधार द्यायला हवा. (मामी स्वभावाने इतकी चांगली आहे की तिच्याशी भांडायचीही सोय नाही.) पण कारखान्यात पाऊल टाकण्याआधी तू एक गोष्ट विचारायला हवी होतीस. ज्याचं पोट प्रश्नांवर चालतं त्या माणसाने नेमका तो एक प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न असा : ही सगळी माणसं दुपारी झोपली का आहेत?

उत्तर मी देते. उशीतला दोष डोळ्यांना दिसत नाही. शिवण सरळ असते, कोपरे भरलेले असतात, हाताने दाबली तर लोण्यासारखी लागते. पण तासभर डोकं ठेवल्यावर कळतं की मधे गाठ आहे, किंवा कापूस एका बाजूला पळतो आहे, किंवा उशी इतकी मऊ आहे की कान बुडतात आणि माणूस दचकून उठतो. म्हणून मामाने सुरुवातीपासून ही पद्धत ठेवली. जेवणं झाली की यंत्रं बंद, शटर अर्ध्यावर, आणि सकाळी झालेल्या मालातली एकेक उशी उचलून सगळ्यांनी चटयांवर आडवं व्हायचं. कुणाची मान आखडली, कुणाला वाईट स्वप्न पडलं, तर ती उशी उसवायची. कापूस पिंजणाऱ्या आप्पांना भिंतीकडची जागा, कारण ते घोरतात. शिलाईवाल्या ताई यंत्राच्या पायाशी. मामा स्वतः दारात आडवा, म्हणजे गिऱ्हाईक आलं तर त्याला ओलांडूनच यावं लागेल. आणि खिडकीखाली मी.

मी तिथली कुणी नोकर नाही, पण गेली दोन वर्षं, म्हणजे तुझे काका गेल्यापासून, मी रोज दुपारी तिथे जाते. घरी मला झोप येत नाही. दोन खोल्या आहेत, स्वच्छ आहेत, हवेशीर आहेत, पण डोळे मिटले की कान उघडतात. नळ ऐकू येतो, घड्याळ ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं. कारखान्यात तसं नाही. तिथे अर्ध्या शटरखालून ऊन जमिनीवर चटईसारखं पसरतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगतात. त्यांना कुठे जायचं नसतं. त्यातला एखादा निवडावा आणि त्याच्याकडे बघत राहावं. तो वर जातो, थांबतो, विचार बदलतो, खाली येतो, आणि जमिनीला टेकायच्या आधी आपणच कुठेतरी टेकलेले असतो. आजूबाजूला चार माणसांचे श्वास चालू असतात. कुणी आपल्याकडे बघत नाही आणि कुणी आपल्याला सोडून गेलेलंही नसतं. त्या झोपेला मी काम म्हणते, आणि ते मी चोख करत आले आहे. मामाला विचार, माझ्याएवढ्या सदोष उशा आजवर कुणी पकडलेल्या नाहीत.

तर त्या गुरुवारी मी झोपले होते आणि मला स्वप्न पडलं होतं. स्टेशन होतं, पण छप्पर नव्हतं; वर नुसता कापूस साचला होता, ढगांसारखा, आणि त्यातून मधूनच गाडीची शिट्टी यायची, लांबून, कुणीतरी झोपेत उसासा टाकावा तशी. मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे माझे जुने साहेब होते, त्यांच्यापुढे शाळेतल्या सिस्टर, आणि सगळ्यांच्या हातात आपापली उशी. रांग सरकत होती, पण पाय कुणीच उचलत नव्हतं. रांगेच्या टोकाला चौकशीची खिडकी होती आणि खिडकीत तुझे काका बसले होते.

तुला माहीतच आहे, ते आयुष्यभर त्याच खिडकीत बसले. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, पुढची कधी. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. ती सवय घरीही आली. मी ‘अहो, उद्या’ म्हणेपर्यंत ‘नको, परवा’ असं उत्तर आलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. मला काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, दुष्टपणाने नव्हे; खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने बाहेरच्याला विचारायचं नसतं, एवढंच. मला त्याची इतकी सवय झाली होती की गेल्या दोन वर्षांत मी साधी छत्री न्यावी की नाही हेसुद्धा दारात उभी राहून ठरवत बसते. आणि या दोन वर्षांत, काबरू, ते एकदाही स्वप्नात आले नाहीत. शेजारचे आले, दूधवाला आला, तू सुद्धा आलास (प्रश्न विचारत). ते नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा आले, आणि तेही नेमके मला विचारायचं असताना.

कारण मामाने मला विचारलेलं आहे. “ताई, दोन खोल्यांत एकटी काय करतेस? खोल्या सोडून दे, आमच्याकडे ये. वरची खोली रिकामी आहे.” मामीने तर भिंतींना रंगही निवडला आहे, फिकट हिरवा. येत्या रविवारी रंगारी यायचा आहे, त्याआधी माझं हो किंवा नाही त्यांना हवं आहे. दोघांच्या मनात माया आहे, म्हणूनच नाही म्हणणं अवघड. आणि हो म्हणायला जावं तर त्या दोन खोल्यांत काकांची खुर्ची आहे, खिडकीकडे तोंड करून, आणि ती खुर्ची त्या वरच्या खोलीच्या जिन्यातून जाणार नाही. मी मापून पाहिलं आहे. तर स्वप्नात माझा नंबर आला. मी खिडकीपाशी वाकले आणि विचारलं, “अहो, मी जाऊ की राहू?” त्यांनी मान वर केली. चष्मा कपाळावर सरकवला, तो ते मोठी चौकशी असली तरच सरकवत. आणि जन्मात पहिल्यांदाच लगेच उत्तर न देता थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग ओठ उघडले.

आणि तू टाळी वाजवलीस.

डोळे उघडले तर डोक्यावर तू, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्ट्याला लावलेलं स्वतःच्याच नावाचं कार्ड (घरच्या माणसांत!). तू विचारलंस, “मामा, हे काय चाललंय?” आणि मामा दारातूनच, डोळे न उघडता म्हणाला, “काम.” तू हसलास. पुढे आठवडाभर जे झालं ते त्या हसण्यातून झालं. दुपारची झोप बंद. त्याऐवजी ‘जागृती तास’. भिंतीवर पांढरा फळा आला. चटया गुंडाळून माळ्यावर गेल्या. आणि सगळ्यांना तू तुझी विद्या दिलीस : उत्तर द्यायचं नाही, समोरच्याला प्रश्न विचारायचा, म्हणजे तो स्वतःच उत्तरापर्यंत पोचतो.

पोचतो, पण दमून. दुसऱ्याच दिवशी आप्पा मामाला म्हणाले, “दोरा संपलाय.” मामा म्हणाला, “मग आपल्यासमोर कोणते पर्याय आहेत?” आप्पा म्हणाले, “दोरा आणणे.” मामा म्हणाला, “आणि दुसरा?” आप्पांनी बराच विचार केला. “न आणणे,” ते म्हणाले. दोघेही फळ्याकडे बघत उभे राहिले. ताईंनी पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि दोरा आणला. हे लोण घरापर्यंत गेलं. मामीने विचारलं, रात्री काय करू? मामा म्हणाला, तुझ्या मनात काय आहे? आता मामीच्या मनात काय आहे हे लग्न झाल्यापासून कुणी विचारलेलं नव्हतं. तिने सांगितलं. सांगता सांगता नऊ वाजले, चूल पेटलीच नाही, आणि शेवटी मामाने काकडी कापली. दुसऱ्या दिवशी मात्र दोघेही नव्याने ओळख झाल्यासारखे एकमेकांना बशी पुढे करत होते. ते बघून मला कसंसंच झालं.

आता न्यायाने बोलायचं. सिस्टर म्हणायच्या, शत्रूलाही त्याचे गुण द्यावेत, म्हणजे तो अधिक चिडतो. तुझ्या त्या कोचिंगने कारखाना सुधारला का? सुधारला. ताईंना तू विचारलंस की तुम्हाला काय त्रास होतो, आणि त्या म्हणाल्या, उजेड चुकीच्या बाजूने येतो. वर्षानुवर्षं त्या स्वतःच्या हाताच्या सावलीत टाके घालत होत्या. मामाला ते माहीत नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. यंत्र फिरवून ठेवायला कितीसा वेळ लागला? आता त्या शिवताना गुणगुणतात. मामा ओरडत नाही. उशा जास्त होतात. एवढं सगळं मान्य. पण मंगळवारी एक गिऱ्हाईक मान तिरकी करून आलं, आणि उशी परत देताना सुद्धा ती मान सरळ झाली नाही. उशीत गाठ होती, सुपारीएवढी. दुपारी त्या उशीवर कुणी झोपलं असतं तर ती दाराबाहेर गेली नसती. तेव्हा माझा निष्कर्ष असा की तुझं औषध लागू पडतं, पण तू ते देताना रोग्याचं चांगलं असलेलं बोटही कापतोस.

आणि मग तू मला मामाच्या हिशेबाच्या काचेच्या खोलीत बसवलंस. बाकीच्यांचं झालं, आता मावशी, म्हणून. मला म्हणालास, “पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?” मी म्हणाले, “भिंतीवर, फोटोत.” तू ते वहीत लिहून घेतलंस. मग अगदी हळू आवाजात म्हणालास, “आणि आत्ता तुला काय हवंय?” मी उठून चालू लागले. तुला वाटलं मी चिडले. चिडले तर होतेच, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना बसून राहण्याची मला सवय नाही. काचेतून मागे वळून पाहिलं तर तू डोळे चोळत होतास. लाल होते. लोकांना जागं करणारा माणूस स्वतः किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे.

त्या टाळीपासून मी ते स्वप्न शोधते आहे. घरी प्रयत्न केला, नाही. कारखान्यात सगळे जागृत असताना एकटीने कोपऱ्यात डोळे मिटून पाहिले; आप्पांनी येऊन विचारलं की मला कशामुळे थकवा येतो असं मला वाटतं. आता सांग, कुठे जाऊ? तिकडे तुझे काका ओठ उघडून बसले असतील. त्यांना ताटकळत बसायची सवय नाही. मागे रांग खोळंबली असेल.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत. चटया माळ्यावरून खाली याव्यात. दुपारची झोप पूर्ववत व्हावी, आणि तिला तुला काय हवं ते भारदस्त नाव द्यावं, माझी हरकत नाही. आणि टाळीबद्दल तू माफी मागावीस, माझी आणि तुझ्या काकांची.

तुझी,
जागी मावशी

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, खरं म्हणजे लिहिली नाही. हे पत्र मुळात त्यासाठीच आहे. त्या दिवशी माझ्या डोक्याखाली जी उशी होती, निळ्या बारीक रेघांची, ती मामाने तुला पहिल्या दिवसाची भेट म्हणून दिली. ती परत कर. स्वप्न त्या उशीतच अर्धं राहिलं आहे अशी माझी समजूत आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने असं काही मानू नये हे मला कळतं. तरी परत कर. खोळ धुऊ नकोस.

ता. क. (दुसरा) वरचं लिहून मी पाकीट शोधायला उठले आणि जरा टेकावं म्हणून काकांच्या खुर्चीत बसले. दुपारची वेळ होती. उशी नाही, चटई नाही, श्वास नाहीत. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात काहीतरी तरंगत होतं. धूळच असणार, या घरात कापूस कुठला. मी त्यातला एक कण निवडला. तो वर गेला, थांबला, विचार बदलला. आणि मी परत रांगेत होते, पण रांगेत आता दुसरं कुणीच नव्हतं. खिडकी उघडी होती. तुझे काका तसेच, चष्मा कपाळावर. मी परत विचारलं, जाऊ की राहू? आणि ते म्हणाले, “तुला काय वाटतं?”

म्हणजे तू त्यांनाही गाठलंस! जिवंत माणसं पुरली नाहीत का रे तुला? मी इतकी चिडले की रांगेच्या रिवाजाचं भान न ठेवता मोठ्याने म्हणाले, “मला वाटतं, मी राहते.” त्यांनी मान हलवली, बरोबर गाडी सांगितल्यावर हलवायचे तशी, आणि चष्मा खाली घेतला. मग मी जागी झाले. कुणी उठवलं नाही. माझी मी झाले.

ता. क. (शेवटचा) उशीची मागणी मी मागे घेते. तुझ्या आईचा आत्ताच फोन आला होता (जिन्यातूनच). म्हणाली, ती उशी तू परवा पहिल्यांदा डोक्याखाली घेतलीस, तेव्हापासून रात्री दगडासारखा झोपतोस आणि आज सकाळी गजर वाजून वाजून थकला तरी उठला नाहीस. ठेव ती. तिच्यात गाठ नाही, मी स्वतः तपासली आहे.

त्याऐवजी दुसरं काम कर. मामा आणि मामीला मी नाही म्हणते आहे हे तू सांग. मी सांगायला गेले तर मामी माझ्या ताटात वाढेल आणि मी हो म्हणून बसेन. मामा हल्ली तुझंच ऐकतो. तुझी विद्या उपयोगी पडते का, याचा माझ्या दृष्टीने एवढा एकच पुरावा शिल्लक आहे, तेव्हा तो दाखव. त्यांना सांग की ताई तिच्या खोल्यांत, तिच्या खुर्चीत राहील, आणि रोज दुपारी कामावर येईल. खिडकीखालची जागा कुणाला देऊ नये. वरच्या खोलीला हिरवा रंग मात्र द्यावा. मामीच्या मनात आहे.

हे सांगितल्याचं लेखी उत्तर मला शनिवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या आत मिळालं पाहिजे. त्यात एकही प्रश्न असता कामा नये.